सहा गाण्यांतल्या रिकाम्या जागा

भागवत,

तू जाऊन बावीस दिवस झाले आणि माझं तुझ्याशी भांडण अजून चालूच आहे. पूर्वी तू उत्तर द्यायचा नाहीस तेव्हा निदान समोर बसून बशीतला चहा भुरकत प्यायचास, मला राग येईल इतक्या मोठ्याने. आता तेवढंही नाही.

तुझ्यावर लोक रोज काही ना काही लिहितात. मातीकडे परतलेला गायक, मुळांचा शोध घेणारा आवाज. एकाने तर तुला हसनाबादचा करून टाकलंय. कुंभार पिंपळगावच्या माणसाला हसनाबादचा म्हणणं म्हणजे काय, हे तू असतास तर त्याला फोन करून तासभर समजावलं असतंस. मी काही दुरुस्त केलं नाही. त्या सगळ्या लेखांत मी एका ओळीपुरता आहे, बँडचा जुना ड्रमर म्हणून. एका ठिकाणी तर मलाही दिवंगत केलंय. बायकोला वाचून दाखवलं, ती हसली आणि मग आत जाऊन रडली. मला काय करावं ते कळेना म्हणून मी रेडिओचा आवाज कमी-जास्त करत बसलो.

शोकसभेत बोलतात तसं मला जमत नाही. मला एक गोष्ट विचारायची आहे आणि तिचं उत्तर तुझ्याशिवाय कुणाकडे नाही. तुझ्याऐवजी मीच ते काल देऊन आलो. बरोबर दिलं का, ते काही केल्या कळत नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी अजहर माझ्या घरी जालन्याला आला. आपला परतूरचा साउंडवाला अजहर, ज्याने गेल्या हिवाळ्यात तुझी आठ गाणी ध्वनिमुद्रित केली. 'उघडा गळा' असं तू त्या अल्बमचं नाव ठेवलं होतंस, हेही मला त्याच्याकडूनच कळलं. त्याने पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. ना इलेक्ट्रिक गिटार, ना ड्रम, ना आपला तो भुंकणारा ॲम्प्लिफायर. फक्त तू, तुझी लाकडी गिटार आणि एक एकतारी. पण आठातल्या सहा गाण्यांत, मधेच, सगळं थांबतं. तू गायचा थांबतोस, तारा थांबतात, आणि ठेक्याचे चार फेरे होतील इतका वेळ काहीच नाही. मग तू पुन्हा सुरू होतोस, बरोबर समेवर, जणू मधे कुणीतरी वाजवत होतं.

अजहर म्हणाला, "भाई, ही हलगीची जागा हाये असं मला वाटून राह्यलंय. भरायची का तशीच सोडायची, तुमी सांगा. वहिनी बोलल्या, किसनभाऊ म्हणतील ते फायनल."

रविवारपर्यंत सांगतो, असं मी त्याला म्हणालो. तो गेल्यावर सहाही जागा मी पुन्हा पुन्हा ऐकल्या. रिकामी जागा पुन्हा पुन्हा ऐकणारा माणूस घरच्यांना वेडा वाटतो, हे या आठवड्यात मला समजलं.

आता मी जे सांगणार आहे ते तुला माहीत आहे. तरी सांगतो, कारण मला नेहमी वाटायचं की तुला ते माहीत आहे पण कळलेलं नाही. आमच्या घराकडे गावाची हलगी होती. कुणाच्या घरी लग्न निघालं की अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बोलावणं यायचं आणि कुणी गेलं तरी यायचं. बोलावणं म्हणजे विचारणं नव्हे. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून कुणीतरी हाक मारायचं आणि अण्णा भिंतीवरची हलगी काढायचे. वरातीत सगळ्यांच्या पुढे आणि पंगतीत सगळ्यांच्या मागे. भाकरी हातात दिली जायची नाही, वरून टाकली जायची. हे त्यांनी कित्येक वर्षं केलं आणि एक दिवस बंद केलं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण तेव्हा मी सातवीत होतो आणि त्या दिवशी त्यांच्यासोबत गेल्याचं मला आठवतं. त्यानंतर माझा चुलत भाऊ बाळू वाजवायला लागला.

तुझं घर बाजारपट्टीला लागून. हलगी तू ऐकलीस ती खिडकीत उभं राहून. तुला ती फार आवडायची. हलगी वाजली की पोटात गोळा येतो, असं तू म्हणायचास. माझ्याही पोटात यायचा, पण तो वेगळा होता.

आपली दोस्ती शाळेच्या बाकावर झाली. तू गायचास आणि मी बाक बडवायचो, मग गुरुजी दोघांनाही बाहेर काढायचे. पुढे जालन्याला कॉलेजात असताना एका मोडीत निघालेल्या ऑर्केस्ट्राचा ड्रमसेट आपण आणला, तुझ्या मोटारसायकलवर, तीन खेपा करून. पहिल्यांदा त्या स्टुलावर बसलो तो दिवस मी विसरणार नाही. हलगीवाला कधी बसत नाही रे. वरात थांबली तरी तो उभा, माणसं जेवली तरी तो उभा. आणि इथे मी बसलेलो, स्टेजवर, अंगावर उजेड, आणि लोक खाली उभे. गावी जाऊन अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "बसून हात चालतो व्हय?"

बँडचं नाव तू 'ढेकळं' ठेवलंस. ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं, आजही आवडत नाही. पण काय दिवस होते ते. आपल्या बोलीतली गाणी, त्यावर कानठळ्या बसवणारी गिटार, आणि खाली माझे ड्रम. पुढचं गाणं कुठलं ते तू कधीच सांगायचा नाहीस. माझ्या उजव्या पायाकडे बघायचास आणि सुरू करायचास. तू पुढे पळायचास, मी मागे ओढायचो, आणि त्या ओढाताणीलाच लोक आपली शैली समजले. नांदेडला, पुण्याला, एकदा हैदराबादला. मी आठवडाभर सळईच्या कारखान्यात घाम गाळायचो आणि शनिवारी तुझ्यासोबत गाडीत बसलो की माणसात यायचो. हे तुला मी कधी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं.

माझ्या लग्नात तू कुणालाच वाजवू दिलं नाहीस. स्वतः गायलास, आणि अण्णांना पहिल्या रांगेत मधोमध खुर्चीवर बसवलंस. सगळं गाव बघत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण अण्णा इतके अवघडले की अर्ध्या तासाने उठून मंडपाच्या टोकाला जाऊन उभे राहिले. तुला वाटलं, ते जेवणाचं बघायला गेले. मी तुझा गैरसमज दूर केला नाही, कारण तू फार खुशीत होतास.

मग परतूरचं स्टेशन. परभणीचा कार्यक्रम करून आपण मित्राच्या गाडीतून परतूरपर्यंत आलो होतो आणि जालन्याच्या गाडीची वाट बघत होतो. तू चहा सांगितलास, आणि बाकावर बसता बसता म्हणालास, "किसन्या, पुढचं सगळं अनप्लग्ड. वायर न्हाई, ॲम्प्लिफायर न्हाई, ड्रमसेट न्हाई. तू हलगी घेऊन ये."

मला आधी ती चेष्टा वाटली. मग तुझा चेहरा बघितला. तू किती महिने यावर विचार केला होतास ते तू सांगत राहिलास. आपण उधारीच्या आवाजात गातोय म्हणालास, आपल्या मातीचा आवाज पाहिजे म्हणालास. ते मातीचं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

"तुझ्या मातीचा सातबारा तुझ्या बापाच्या नावावर हाये," मी म्हणालो. "माझ्या मातीचा कागद दाखव मला."

तू चहाचा कप बाकावर ठेवलास. मग जे बोलायला नको होतं ते बोललास. "तुला हलगीची लाज वाटून राह्यली."

हो, वाटते, असं मी म्हणालो. आणखीही बोललो. तू मुळांकडे परत जातोस तेव्हा लोक तुला ओवाळतात, मी परत गेलो तर मला दाराबाहेर उभं राहावं लागतं. तुला जे घर आहे ते मला वेस ओलांडून मागे टाकावं लागलं. ड्रमसेटची जात कुणी विचारत नाही, म्हणून मला तो प्यारा आहे. हे सगळं एका दमात बोललो आणि तेवढ्यात गाडी आली. आपण वेगवेगळ्या डब्यांत चढलो. जालन्याला उतरल्यावर तू माझी वाट बघत उभा असशील असं वाटलं होतं, म्हणून मी मुद्दाम शेवटी उतरलो. तू निघून गेला होतास. किंवा तूही तेच केलंस आणि मी आधी निघून गेलो, काय माहीत.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांत आपण तीनदा बोललो. एकदा माझ्या मुलीच्या ॲडमिशनसाठी, एकदा तुझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी. तिसऱ्यांदा तुझा फोन चुकून लागला. चुकून लागला असं तू म्हणालास. मग आपण बराच वेळ बोललो, जालन्यातल्या उन्हाबद्दल. ठेवताना तू "बरं, मंग" म्हणून थांबलास आणि मी "बरं" म्हणून ठेवला. त्या 'मंग'नंतर काय होतं?

तू गेलास त्या सकाळी वैशालीवहिनींचा फोन आला. चहा ठेवला होता, तो पिण्याआधीच, एवढंच त्या बोलू शकल्या. मी पिंपळगावला पोचलो तेव्हा अंगणात गर्दी होती. तुझे थोरले चुलते मला बघून रडायला लागले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "किसन, तू त्याचा जिवाचा दोस्त. आज तूच वाजव. त्याला बरं वाटंल."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तेच मला जास्त लागलं. त्यांना वाटलं ते मला मान देतायत. मी म्हणालो, वाजवत नाही, खांदा देतो. ते डोळे पुसत म्हणाले, "दे."

पुढे बाळू वाजवत होता. घाईत त्याने हलगी नीट शेकली नव्हती. थंडीत चामडं सैल पडतं, जाळावर धरून ताणून घ्यावं लागतं, नाहीतर आवाज भिजलेल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा येतो. तसाच येत होता. आणि मी, तुझ्या तिरडीचा बांबू खांद्यावर घेऊन, मनात बाळूचा हात सुधारत होतो. माझा मित्र गेला होता आणि माझी बोटं ठेका शोधत होती. तेव्हा मला स्वतःचा इतका राग आला की रडू आलं नाही. ते अजूनही नीट आलेलं नाही. मी खांदा दिला ते बरोबर केलं, हे मला शंभर टक्के माहीत आहे. तरी रोज सकाळी उठलो की वाटतं, वाजवायला पाहिजे होतं.

तर या अशा माणसाला अजहरने त्या सहा जागा आणून दिल्या. मी चौकशी सुरू केली. तू हसशील, पण मी अगदी पोलिसासारखा फिरलो.

पहिल्यांदा अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "मागच्या थंडीत तो तीनदा आल्ता की. तुला सांगू नका म्हणला म्हणून न्हाई सांगितलं." मी थक्क झालो. तू आमच्या ओट्यावर बसून अण्णांना म्हणालास, मला हलगी शिकवा. अण्णांनी तुला आधी ती शेकायला लावली. तू ती जाळाच्या इतकी जवळ धरलीस की कडेला करपली. तो काळा डाग मी काल शेकताना पाहिला. अण्णांना तुझी दया आली आणि ते म्हणाले, राहू दे, तुझ्या गाण्यात म्या वाजवतो. तर तू म्हणालास, "न्हाई अण्णा. तुमी न्हाई."

का रे? अण्णांना वाटतं, त्यांच्या हातात आता दम नाही हे तुला दिसलं. मला वाटलं, परतूरच्या बाकावरचं माझं बोलणं तुला शेवटी कळलं. मग वाटलं, तसं असतं तर जागा सोडल्याच नसत्यास. मग वाटलं, जागा माझ्यासाठी होत्या. मग वाटलं, मला वाटून घ्यायला काय जातं.

वैशालीवहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या की जागांबद्दल तू घरी कधी बोललाच नाहीस. त्या एकदा परतूरला तुझ्यासोबत आल्या होत्या, तेव्हा त्या मधल्या वेळात तू तांब्या उचलून पाणी प्यायचास. "मला तर वाटलं भाऊजी, दम खायला थांबतात." मी घरी येऊन पुन्हा ऐकलं. एका गाण्यात खरंच घोट गिळल्यासारखं काहीतरी आहे. दोन वर्षं ज्या माणसाला उद्देशून मी मनात भाषणं पाठ केली, तो माझी जागा सोडून बसला होता की फक्त पाणी पीत होता?

आणि अजहर. तो म्हणतो, जागा मोजून सोडल्यात, चार फेरे म्हणजे चार फेरे, त्यात गफलत नाही. पण तोच दुसरीही गोष्ट सांगतो. तू रेकॉर्डिंगसाठी त्याच्या मामाचं जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, निवडलंस. चारी बाजूंना कापसाचे ढीग, मधे तू, आवाज कुठेही आपटून परत येत नाही, कानाशी बसून कुणी गातंय असं वाटतं. रविवारी मशिनी बंद, म्हणून रविवारी काम. आता मला सांग, जिनिंगमध्ये कुणी काडी ओढतो का? बिडी पेटवली तरी मामा माणसाला हाकलून देतात. ज्याला हलगी वाजवून घ्यायची आहे तो माणूस जाळ करता येणार नाही अशी जागा निवडेल? की तुला तेवढं सुचलंच नाही? आयुष्यभर हलगीवर जीव टाकलास आणि ती शेकावी लागते हे तुला अण्णांच्या ओट्यावर कळलं, असंही असू शकतं. तुझ्या बाबतीत काहीही असू शकतं.

शनिवारी मी गावी गेलो आणि अण्णांना म्हणालो, हलगी द्या. बाजारात आता फायबरची मिळते, शेकायची भानगड नाही, अजहरने ती आणतो असं सांगितलंही होतं. पण मला ती नको होती. अण्णांनी भिंतीवरची काढली, फडक्याने पुसली, आणि द्यायच्या आधी जे विचारायचं असतं ते विचारलं.

"लग्नाला का मयतीला?"

मी म्हणालो, गाण्याला. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अजून सातवीतच आहे. गाण्याला कसली चाल असती, असं काहीतरी पुटपुटले आणि दिली.

काल सकाळी परतूरला गेलो. जिनिंगच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळक्या काड्यांचा, जाळ केला. अजहर म्हणाला, शेकायच्या आधी एकदा कच्चं ऐकून घ्या, म्हणजे पेन ड्राइव्हवरचं नाही, माइकने पहिल्यांदा उचललं होतं ते. "पाण्याआधी पोचलो मी, विहिरीला सांगू काय," ते गाणं त्याने लावलं. हेडफोन कानाला लावून मी कापसाच्या ढिगाला टेकून उभा राहिलो. ओळ संपली, तारा थांबल्या, जागा आली.

ती रिकामी नव्हती. तू तोंडाने हलगी वाजवत होतास. अगदी हळू, दातांच्या मागे, स्वतःपुरती. अजहरने पेन ड्राइव्हवर देताना तो आवाज काढून टाकला होता. तू काढायला सांगितलंस की त्यानेच खरखर समजून काढला, हे त्याला आता नक्की आठवत नाही. मी त्याच्यावर ओरडलो. मग माफी मागितली.

मी ते चार-पाच वेळा ऐकलं. पहिले दोन फेरे वरातीचे, ठीक आहेत. तिसऱ्या फेऱ्यात तू घसरतोस आणि मयतीच्या चालीत जातोस. दोन्ही चाली जवळजवळच्या आहेत. वरातीत जाड काडी दोन ठोक्यांनी माणसाला पुढे ढकलते. मयतीत तिथे एकच ठोका पडतो आणि एक जागा मोकळी सुटते, खांदेकऱ्यांचं पाऊल पडावं म्हणून. आमच्या गल्लीतलं कुणीही, झोपेतून उठवलं तरी, ही चूक करणार नाही. ही खिडकीत उभं राहून ऐकणाऱ्या माणसाची चूक आहे. हलगी ऐकून ज्याच्या पोटात गोळा यायचा पण ती कशासाठी वाजतेय हे ज्याला घरात विचारावं लागायचं, त्याची चूक.

की चूक नव्हतीच? तू अण्णांकडे तीनदा गेलास. त्यांनी तुला दोन्ही चाली सांगितल्या असणारच. मग तू जाणूनबुजून केलंस का? कशासाठी? तेव्हा तर तू ठणठणीत होतास. मला तिथे, त्या कापसात उभं राहून, तुझा भयंकर राग आला. इतकी मोठी गोष्ट अर्धवट पुटपुटून तू निघून गेलास. आणि त्याच वेळी मला कळलं की मी रडतोय. अजहर वायरी गुंडाळायला म्हणून दुसरीकडे गेला.

मग मी बाहेर जाऊन हलगी शेकली. टिचकी मारल्यावर जसा यायला हवा तसा टणटणीत आवाज आला. पौषातली थंडी, चामडं पुन्हा सैल पडायला वेळ लागत नाही, म्हणून मी फाटकापासून माइकपर्यंत पळत गेलो. चाळीशी उलटलेला माणूस हलगी छातीशी धरून कापसातून पळतोय. तू बघायला हवं होतंस. अजहरने तेच कच्चं गाणं लावलं. तुझा आवाज कानात, आणि माझ्या हातात दोन्ही काड्या. जागा आली आणि मी वाजवलं.

पहिला फेरा आपण दोघं बरोबर होतो. दुसराही. त्या दोन फेऱ्यांत जे काही झालं ते मला लिहिता येत नाही. दोन वर्षं नव्हतीच असं झालं. तिसऱ्या फेऱ्यात तू घसरलास. हातांना तुझ्यामागे जायचं होतं, आयुष्यभराची सवय, गाणारा जातो तिकडे जायचं. मी गेलो नाही. मी वरातच वाजवत राहिलो, तिसरा फेरा आणि चौथाही, दात आवळून. समेवर पोचलो तेव्हा तू तुझ्या चालीने पोचलास आणि मी माझ्या.

अजहरने दोनदा ऐकलं. मग म्हणाला, "भाई, तिसऱ्या फेऱ्यापासून जुळून न्हाई राह्यलं. त्यांचा आवाज काढून टाकू का?"

"नको."

"मंग तुमचं पुन्हा घेऊ? त्यांच्यासारखं?"

"न्हाई. ते म्या वाजवणार न्हाई."

बाकीच्या पाच जागांचं त्याने विचारलं. त्यांचंही कच्चं ऐकलं होतं, तिथे तुझं पुटपुटणं नव्हतं. त्या आहेत तशाच राहू दे, असं मी सांगितलं. त्या माझ्या होत्या की पाण्याच्या, ते मला शेवटपर्यंत कळणार नाही, आणि जे मला कळलं नाही ते मी कसं भरू? पण या एका गाण्यात दोन्ही ठेवायचं, तुझं पुटपुटणंही आणि माझी हलगीही. अजहरला ते बिलकुल पटलं नाही. तो त्याच्या कामाचा पक्का माणूस आहे. त्याने हेडफोन काढून ठेवला.

"लोक म्हणतील चुकलं," तो म्हणाला.

"म्हणू दे," मी म्हणालो. "दोघं होते, एवढं तरी कळंल."